गाडीवरची फिल्म, कोटिंग आणि रीसेल : प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

नव्या गाडीचं कोटेशन आलं. काळी, पेट्रोल, चार मीटरच्या आतली एसयूव्ही. गाडीचे आकडे ठीकच आहेत, पण खाली 'अ‍ॅक्सेसरीज व प्रोटेक्शन' असा वेगळा कागद जोडलाय. त्यात सिरॅमिक कोटिंग २८,०००, फुल बॉडी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) १,१५,००० आणि बाजूला सेल्सवाल्याने पेनाने लिहून दिलंय, "रीसेल चांगली येते". चांगली म्हणजे किती, कोण देतं आणि नक्की कशाचे देतं, एवढंच शोधायचंय. नवरा म्हणतो घालून टाकू, आयुष्यात एकदा काळी गाडी घेतोय. मी म्हटलं घालू की, पण दिवसभर मी लोकांच्या वह्या तपासते, तिथे पन्नास रुपयाचं व्हाउचर नसलं तर शेपन्नास प्रश्न विचारते, आणि घरात लाखभर रुपये पेनाने खरडलेल्या एका ओळीवर सोडू?

घाई तशी नाहीये. पितृपक्ष चालू आहे, आत्ता कोणी बुकिंगचं नाव काढत नाही. त्यात २२ तारखेला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ होतोय, वरचा सेसही जातोय, त्यामुळे पितर मानणारे आणि न मानणारे दोघंही सध्या खिशात हात घालून बसलेत.

हिशोबाला माल चांगला मिळालाय. आमची २०१९ ची पांढरी बलेनो विकायची आहे, कोटिंग-बिटिंग कधीच केलं नाही. ताईकडे पण २०१९ चीच पेट्रोल बलेनो, निळी, दाजींनी पहिल्या महिन्यातच सिरॅमिक करून घेतलेलं आणि दरवर्षी त्याचं मेंटेनन्स. तीही याच सीझनला विकायची आहे. व्हेरियंट एकच, किलोमीटर जवळपास सारखे, आमचे ५८ हजार, त्यांचे ६१. रंग वेगळा आहे हे मान्य, पण याहून चांगली जोडी घरबसल्या मिळणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

निखिल (चुलत भाऊ, वडगावला डीटेलिंगचं, म्हणजे गाड्या चमकवून, कोटिंग-फिल्म लावून द्यायचं काम करतो) घरी आला होता, त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं. लोक टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ सगळं एकाच दमात बोलतात, पण प्रकार पूर्ण वेगळे आहेत.

टेफ्लॉन म्हणजे थोडक्यात चांगलं पॉलिश. काही महिने चमकतं, मग जातं. त्यावर शाई घालवत नाही.

सिरॅमिक म्हणजे सिलिका बेसचं लिक्विड, रंगावर हाताने लावतात, वाळलं की कडक थर होतो. थर केवढा तर एक-दोन मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी मण्यासारखं घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पक्ष्याची घाण पटकन निघते. पण खडा उडाला तर टवका उडणारच, दोन मायक्रॉन काय अडवणार. सगळीकडे '९ एच हार्डनेस' म्हणून मिरवतात, ती पेन्सिलची टेस्ट आहे, ६ बी पासून ९ एच पर्यंतच्या पेन्सिली थरावर घासून बघायच्या कोणती ओरखडा काढते ते. म्हणजे ९ एच पेन्सिलीने चरा पडत नाही इतकंच. किल्लीने पडतो, वाळूच्या फडक्याने पडतो. निखिल स्वतः हे विकतो आणि स्वतःच सांगतो, "अगं शीतलताई, गिऱ्हाईकाला ९ एच म्हटलं की हिरा वाटतो, मी पण आता सुधारत नाही बसत."

पीपीएफ ही खरी फिल्म. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. म्हणजे कंपनीच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड, कारण पत्र्यावरचे सगळे थर, प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक क्लिअर कोट, मिळून साधारण १०० ते १३० च्या आसपास भरतात. खडा ही अडवते, बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप बुजतात. मूळ प्रकार अमेरिकन लष्कराचा, व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना मार लागू नये म्हणून वापरलेली टेप. आता ही फिल्म आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरलाही बनते, गरवारेंची. इतके दिवस गरवारे म्हटलं की मला फक्त कर्वे रोडचं कॉलेज आणि मेट्रो स्टेशन आठवायचं.

पोचा मात्र यातलं काहीच अडवत नाही. हे लिहून ठेवते कारण पुण्यात गाडीला जे होतं त्यातलं निम्मं पोचाच असतो, सिग्नलला मागून टेकलेली अ‍ॅक्टिव्हा नाहीतर पार्किंगमधला खांब.

१४ सप्टेंबर, रविवार

आकडेमोड. १,१५,००० आज एफडीत टाकले, साडेसहा टक्के धरले, सहा वर्षांनी साधारण १,६८,००० होतात. म्हणजे फुल पीपीएफ 'वसूल' व्हायचं असेल तर सहा वर्षांनी समोरच्याने आपल्याला फिल्म नसलेल्या तशाच गाडीपेक्षा एक लाख अडुसष्ट हजार जास्त मोजायला हवेत. आमची नवी गाडी ऑन-रोड तेरा लाखांच्या घरात, सहा वर्षांनी सहा-साडेसहाला गेली तरी नशीब. त्यावर पाव हिस्सा जास्त कोण देणार आणि का?

शोरूमवाला म्हणतो लोनमध्ये बसवतो, तुम्हाला कळणार पण नाही. नऊ टक्के, पाच वर्षं, त्या १,१५,००० चा हप्ता महिना २,३८७, एकूण १,४३,००० च्या वर जातात. न कळण्यासारखं यात काय आहे?

सिरॅमिकचं गणित दाजींच्या बिलांवरून. सुरुवातीला २२,०००, मग दरवर्षीचं मेंटेनन्स तीन-साडेतीन हजार, सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेलं. दाजींना आकडा दाखवला नाही अजून.

आणि दुसरी बाजू, म्हणजे काहीच न करता विकायच्या आधी एकदा रबिंग-पॉलिश करून घेतलं तर दोन-अडीच हजार, एखादा पॅनल रंगवला तर बाहेर तीन-चार हजार, कंपनीत त्याच्या दीडपट. खरी तुलना ही आहे. फिल्म विरुद्ध 'खराब गाडी' नाही, फिल्म विरुद्ध 'शेवटी पाच हजार खर्च केलेली गाडी'.

२० सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस कामी आला. निखिलने पेंट मीटर आणला. मोबाईलएवढा, खाली एक गोल टोक, पत्र्याला टेकवायचं, टिक असा आवाज येतो आणि स्क्रीनवर मायक्रॉनमध्ये जाडी. आधी सोबतच्या लोखंडी चकतीवर शून्य करून घ्यायचा. सेकंडहँडच्या धंद्यातली सगळी जाणती मंडळी हाच वापरतात. सुरुवात छतापासून करायची कारण छताला सहसा कोणी हात लावलेला नसतो, तो आकडा गाडीचा मूळ आकडा धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे.

आमची गाडी: छत १०२. बॉनेट १०८ ते ११५. दारं ११० च्या आगेमागे. डावं मागचं दार २३१, खाली २६०, ते रंगवलेलं आहे, सोसायटीच्या गेटवर दूधवाल्याच्या हँडलने सोललं होतं. म्हणजे तीन वर्षं कोणाला कळलं नाही असं वाटणारं ते दार मीटरला एका टिकमध्ये कळलं.

दाजींची: छत १०६. दारं शंभर-एकशेपाच. उजवं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) ३४०! चांदणी चौकाचं काम चालू होतं तेव्हा एका टेम्पोने घासलेलं, लांबी (पुट्टी) भरून रंगवलंय. वरून सिरॅमिक इतकं मस्त की नुसत्या डोळ्याने मी शपथेवर ओरिजिनल म्हटलं असतं. आणि बॉनेट ८८ ते ९४, म्हणजे छतापेक्षा कमी. निखिल हसला, म्हणाला दरवर्षी मेंटेनन्सच्या नावाखाली मशीन मारली असणार. प्रत्येक वेळी कटिंग पॉलिश केलं की क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन जातात, आणि क्लिअर कोट असतोच मुळात चाळीस-पन्नास. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉन, मीटरला तो दिसतही नाही, आणि तो लावायच्या तयारीत घासला गेलेला रंग मात्र दिसतो. कंपनीतूनही पॅनल-पॅनलमध्ये थोडा फरक असतो म्हणून मी यावर शिक्कामोर्तब करत नाही, पण दाजींचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणखी एक गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. बंपरवर मीटर चालतच नाही. बंपर प्लास्टिकचा, मीटर लोखंड नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर चालतो. आता बघा, फिल्म विकणारा सगळ्यात आधी म्हणतो फ्रंट बंपरला घाला, तिथेच खडे बसतात. बसतात, खरंय. पण बंपर रंगवला तर मीटरला कळत नाही, आणि कळला तरी कोणी मनावर घेत नाही, पुण्यात सहा वर्षं फिरलेली गाडी आणि बंपर रंगवला नाही असं सांगितलं तर उलट संशय येईल.

२१ सप्टेंबर, रविवार

दाजींच्या गाडीच्या छतावर आणि मागच्या काचेखाली पांढरे गोल डाग आहेत, ते वाघोलीच्या टँकरच्या पाण्याचे. कोटिंगवर पाण्याचे मणी होतात ते छान दिसतं पण गाडी उन्हात उभी असेल तर मणी तिथेच वाळतात आणि क्षार चिकटून बसतात. वॉचमन सकाळी बादलीने धुतो, पुसत नाही. आमची कोथरूडची, महापालिकेचं पाणी, डाग नाहीत. म्हणजे कोटिंग केलंत तर धुणाऱ्याला पण शिकवावं लागतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

सेकंडहँड गाड्यांच्या एका डीलरकडे दोन्ही गाड्या घेऊन गेलो, मी आणि दाजी. धंद्यात पंचवीस वर्षं घालवलेला माणूस, बोलायला मोकळा. सुरुवातीला सगळं दाजींकडे बघूनच बोलत होता, गाडीची आरसी माझ्या नावावर आहे हे कळल्यावर खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. असो.

आधी त्याचं रडगाणं. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं जुनीचे भाव पण उतरवा, आणि आम्हाला मार्जिनवर या वर्षीपासून १८ टक्के जीएसटी. यात तथ्य आहे, नवीनच पन्नास-साठ हजारांनी खाली आल्यावर जुनीला कालचा भाव कोण देईल. आमच्या दोघांचंही ऑगस्टमध्ये विकलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी सरळ विचारलं, कोटिंग असेल तर किती वाढवून देता. त्याने शेडच्या आत बोट दाखवलं, दहा-बारा गाड्या, सगळ्या आरशासारख्या. म्हणाला, "मॅडम, यातल्या किती कोटिंगवाल्या आहेत ओळखा. माझा पोऱ्या आलेल्या प्रत्येक गाडीला दोन दिवसात अशी करतो. चमक माझ्याकडे घरचीच आहे, ती मी तुमच्याकडून विकत कशाला घेऊ?"

हे ऐकून माझं निम्मं काम झालं. सगळ्याच गाड्या चमकत असतील तर चमकेवरून घेणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचे पैसे कोण देत नाही. मग तो पैसे कशाचे देतो? त्याने पटापटा सांगितलं. कितवा ओनर. किलोमीटर, आणि ते सर्व्हिस रेकॉर्डशी जुळतात का. ठोकलीय का. इन्शुरन्सचा क्लेम कशाचा. टायर. पासिंग एमएच १२ (पुणे) का १४ (पिंपरी-चिंचवड) ने त्याला फरक पडत नाही, बाहेरच्या जिल्ह्याचं असलं तर पडतो. आणि रंग 'ओरिजिनल' आहे का. हा शब्द त्याने चार वेळा तरी वापरला. मीटरवर १०० च्या आसपास असलेलं बारीक चऱ्यांचं दार त्याला २५० च्या गुळगुळीत दारापेक्षा जास्त आवडतं, कारण चरे त्याचा पोऱ्या घालवतो पण रंगवलेला पत्रा परत ओरिजिनल होत नाही, आणि गिऱ्हाईकाला रंगवलेलं दार दिसलं की ते लगेच विचारतं आत काय लपवलंय.

पीपीएफबद्दल विचारलं तर म्हणाला महागड्या गाड्यांना चालतं, तिथे घेणारा हौशी असतो. बलेनोच्या भावात कोणी विचारत नाही.

भाव: आमची ४.६५ लाख, दाजींची ४.५५. कोणालाच दिली नाही.

परत येताना दाजी गप्प होते. नवले पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "तू चाळीस हजारांचा हिशोब मांडलायस ना, ताईने सांगितलं मला. मी सहा वर्षं चकचकीत गाडीत बसलो, धुवायला दहा मिनिटं लागायची, त्याचे किती धरलेस?" शून्य धरले होते. बरोबर आहे त्यांचं, त्या रकान्यात काहीतरी यायला हवं, पण तो रकाना रीसेलचा नव्हे. हौसेचा. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात का असं कोणी विचारत नाही, फक्त तिकीटविक्याने ते गुंतवणूक म्हणून विकू नये.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

बुकिंग केलं. प्रोटेक्शनचा कागद 'नंतर सांगतो' म्हणून बाजूला ठेवला. सेल्सवाल्याने आज फुल पीपीएफ ९८,००० वर आणलं, न मागता. महिनाभरात सतरा हजार कुठून कमी झाले हे विचारायचा मोह आवरला, सणाचा दिवस.

५ ऑक्टोबर, रविवार

ऑनलाइन गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा इन्स्पेक्शनवाला घरी आला, दोन्ही गाड्या आमच्याच पार्किंगमध्ये लावून ठेवल्या होत्या. पोरगा हुशार, तासभर शांतपणे काम केलं. मीटर होताच. टॅबवर प्रत्येक पॅनलसाठी तेच ते पर्याय भरत होता, चरा, पोचा, रंगवलेलं, बदललेलं, गंज, फोटो. मी मागे उभी राहून सगळे रकाने बघितले, कोटिंगसाठी एकही दिसला नाही. दाजींनी सिरॅमिकचं कार्ड पुढे केलं, त्याने आदराने बघितलं आणि परत दिलं.

आमच्या गाडीचं मागचं दार 'रंगवलेलं' गेलं. दाजींचं फेंडर पण, आणि तिथे त्याने बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघितले, पाना लागल्याच्या खुणा आहेत का ते. नव्हत्या, म्हणून 'बदललेलं' नाही लागलं.

ऑफर संध्याकाळी आली. आमची ४.७२, दाजींची ४.६६. सहा हजारांचा फरक, त्यात तीन हजार किलोमीटर जास्त, फेंडरची लांबी आणि निळा रंग, सगळं आलं. कोटिंगचे म्हणून काही जास्त आले असतील असं मला तरी शोधून सापडत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

निखिलच्या स्टुडिओत एक मोठी एसयूव्ही फिल्म काढायला आली होती, मालकाला विकायची आहे. मुद्दाम बघायला गेले, कारण 'विकताना फिल्म काढा, खाली कोरी करकरीत गाडी' हा सेल्सवाल्याचा शेवटचा हुकमी मुद्दा होता.

काढायच्या आधी मीटर लावला. बॉनेट २९२. छत, तिथे फिल्म नाही, ११२. म्हणजे फिल्म असलेली गाडी तशीच नेली तर मीटरवर ती अख्खी रंगवलेली दिसते! घेणारा जाणता असेल तर कडेला नख लावून फिल्म ओळखेल, नवखा असेल तर आकडा बघून पुढच्या गाडीकडे जाईल. त्या मालकाला एकाने नेमकं हेच ऐकवलं होतं म्हणे, म्हणून बिचारा आला काढायला. बिल आणि वॉरंटी कार्ड हाताशी हवंच, नाहीतर लाखभर घालून गाडीवर संशय विकत घेतल्यासारखं होतं.

काढण्याचं काम बघण्यासारखं. निखिलच्या पोराने वाफेचं मशीन कोपऱ्यावर धरलं, कड मऊ झाली, मग दोन्ही हातांनी अगदी आडवी, पत्र्याला जवळजवळ चिकटून ओढत नेली. वर ओढायची नाही. चर्र चर्र आवाज करत बॉनेटचा अर्धा भाग एका तुकड्यात आला, त्याच्या हातात ती पिवळट सालपटासारखी लोंबत होती, आणि खालचा रंग खरंच नवा. मान्य करायलाच हवं, एकही टवका नाही, एक्सप्रेसवेवर आठवड्याला मुंबई करणारी गाडी होती. कडेने मात्र काळी रेघ, फिल्म जिथे संपते तिथे साचलेला मळ, ती क्ले बारने (मळ उचलणारी मऊ वडी) घासून काढावी लागली. आणि डाव्या फेंडरवर गोंद मागे राहिला, तिथला एक तुकडा निघताना त्याच्यासोबत रंगाचाही नखाएवढा कपचा आला. ते फेंडर फिल्म लावायच्या आधी कधीतरी बाहेर रंगवलेलं होतं. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग घट्ट असतो, गॅरेजचा रंग फिल्मच्या गोंदापुढे टिकेलच असं नाही. म्हणून जुन्या, रंगवलेल्या गाडीला फिल्म घालताना दहा वेळा विचार करावा असं निखिलचं मत. काढायची मजुरी वेगळी, बारा हजार.

वॉरंटी कार्डही वाचलं, पाठीमागचं बारीक अक्षर. दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी तपासणी करून शिक्का घ्यायचा, एक चुकला की वॉरंटी संपली. मालकाने पहिल्या दोन वर्षांचे घेतलेत. आणि त्याच्या कार्डावर वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच, पुढच्याला लागू नाही. म्हणजे रीसेलच्या वेळी दाखवायला ती नसल्यातच जमा.

इन्शुरन्स एजंटला फोन केला. तो म्हणाला फिल्म पॉलिसीत वेगळी दाखवून तिचा प्रीमियम भरला नसेल तर बॉनेट बदलला तरी फिल्मचे पैसे मिळणार नाहीत, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असलं तरी.

१२ ऑक्टोबर, रविवार

ठरलं, नवऱ्यालाही पटलं (काळ्या रंगावर त्याचं बोलणं थांबलं नाहीये, पण पटलं). रीसेलसाठी जपायचा तो पत्र्यावरचा ओरिजिनल रंग, बाकी काही नाही. ओरिजिनल रंग जातो कशाने? दारांचा जातो तो पोच्याने आणि घासण्याने, ते फिल्म थोडंफारच अडवते. बंपरचा जातो खड्याने, पण त्याचं कोणी विचारत नाही. राहिलं बॉनेट. पत्र्याचं, मीटरला कळणारं, खडे खाणारं, आणि बॉनेट रंगवलेलं दिसलं की घेणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न 'पुढून ठोकली का'. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा चाकणला जायचंय, त्या रस्त्यावर पुढे कायम डंपर. म्हणून फक्त बॉनेटला फिल्म, दारांच्या कडांना पट्टी आणि हँडलच्या मागे, जिथे नखांचे चरे पडतात, तिथे छोटे तुकडे. निखिलचा भाव जीएसटीसकट १३,८००. सिरॅमिक नाही, निदान आत्ता नाही. नवऱ्याला हौस वाटली तर पुढच्या वर्षी करू, हौस म्हणून खात्यात टाकून.

यातून रीसेलला तेरा हजार आठशे परत येतील असंही मी म्हणत नाहीये. एक बॉनेट रंगवायचे पाच-सहा हजार आणि घासाघाशीत जे दहा-पंधरा कापले जातील ते वाचले तर बरोबरीत. लांब हायवेवर न जाणाऱ्या, नुसती ऑफिस ते घर कोथरूड-शिवाजीनगर करणाऱ्या गाडीला मी तेवढंही केलं नसतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

गाडी घरी आली. हार-नारळ व्हायच्या आधी मी शोरूमच्या यार्डातच मीटर फिरवला, सेल्सवाला हैराण. छत १०९, बॉनेट ११८, दारं ११२ ते १२१, सगळं सरळ. प्रत्येक पॅनलचा स्क्रीनसकट, चेसिस नंबरसकट फोटो. याला पैसे पडत नाहीत, आणि सहा वर्षांनी बॉनेटवर ३०० दिसल्यावर कोणी भुवया उंचावल्या तर खाली ११८ आहे हे दाखवायला कागद असेल. नव्या गाड्याही वाहतुकीत घासतात आणि यार्डात रंगवून दिल्या जातात, आपली तशी नाही याचीही खात्री झाली.

१ नोव्हेंबर, शनिवार

बॉनेटची फिल्म बसली. कडा आत दुमडून घेतल्यात म्हणून रेघ दिसत नाही. साबणाच्या पाण्याचे दोन-तीन बुडबुडे अजून आहेत, आठवड्यात उन्हाने जातील म्हणाला. काळ्यावर धूळ मात्र तशीच, गणेशखिंड रोडने एकदा गेलं की गाडी राखाडी.

८ नोव्हेंबर, शनिवार

जुनी गेली. साताऱ्याचे एक गृहस्थ, मुलीला पुण्यात नोकरी लागली तिच्यासाठी. सोबत मेकॅनिक आणलेला. त्याने दारांचं रबर बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्ड (कंपनीने पत्रे जोडल्याचे गोल ठिपके) बघितले, बोटाने एकेक मोजल्यासारखे, मग ऑइलची काडी, मग बॉनेटखालचा आडवा पट्टा, मग स्टेपनीच्या खड्ड्यातलं पाणी. वरच्या चमकेवरून हातसुद्धा फिरवला नाही, आणि आदल्याच दिवशी मी अडीच हजार देऊन पॉलिश करून घेतलेली! पॉलिश लागली ती त्या मुलीला. तिने फोटो काढून लगेच आईला पाठवले, आणि त्यानंतर काकांचा भाव पाडायचा जोर थोडा कमी झाला हे मी बघितलं. रंगवलेल्या दाराचं आधीच सांगितलं, पाच हजार सोडले, ५.०१ ला सौदा. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन नव्या पॉलिसीला लावायचंय, सोमवारी.

दाजींची मंगळवारी गेली, ४.९२ ला, एका ओळखीतल्याच माणसाला. त्याने कोटिंगचं विचारलं का म्हणून मी फोनवर मुद्दाम खोदून विचारलं. विचारलं, म्हणे, "हे परत करायला किती खर्च येतो?" असं.

निखिलचा मीटर परत द्यायचाय, तो दाजींकडे आहे. ते सोसायटीतल्या लोकांच्या गाड्या मोजत फिरतायत आणि दोन शेजाऱ्यांशी त्यांचं वाजलंय.